बांधणाऱ्यावर नाय

पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात संगणक आला, तेव्हा तो बघायला सगळा तालुका लोटला होता. रोह्याहून येणारा दुरुस्तीवाला मात्र स्क्रीनला नाक टेकवून बसे. मी फ्लॉपीवर फुकट मिळालेलं, बऱ्याच फायली एकत्र बांधलेलं गाठोडं उलगडायला घेतलं, तर त्यानं हात धरला.

"शेठ, आधी आतल्या फायलींची यादी बघा. हा उलगडणारा प्रोग्राम हमाल हाय. फायलीवरच्या चिठ्ठीत देवघर लिवलं तर देवघरात टाकंल, विचारणार नाय."

यादीत आमच्याच ऑर्डरींच्या फाइलचं नाव. आमची पुसून गाठोड्यातली तिथं बसली असती, आणि चतुर्थीला अर्धा रायगड माझ्या दारात.

खुशीनं मी त्याला गवतात बांधलेली मूर्ती दिली. त्यानं तिथंच गाठी सोडल्या.

"देवावर पण विश्वास नाय?"

"देवावर हाय. बांधणाऱ्यावर नाय."

बांधणारा मीच. गवत झाडलं, तर बाप्पा होते, उंदीर बांधायचा राहिला होता.