दुसरा ब्रेक

गाडीत बसले की मास्तर आधी चपला काढायचे आणि शेजारच्या सीटवर चक्क मांडी घालायचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तुम्ही पाहिला असेल. मास्तर त्याला पाय लावत नसत. “आवं ताई, ब्रेक तुमचा, पाय तुमचा. मी निस्ता तोंडानं.”

मूळचे सांगलीकडचे, माधवनगरचे. फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेले. मी पन्नाशीची. नवऱ्याची नजर गेली. घर यवतेश्वरच्या घाटावर आणि दवाखाना खाली साताऱ्यात. शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पहिल्याच दिवशी म्हैस आडवी आली. मी असा ब्रेक हाणला की मास्तरांची टोपी पुढच्या काचेवर.

“हाणायचा न्हाई. घरात पोर झोपलंय आन दार लोटताय, तसा दाबायचा.”

“आणि तुमचा ब्रेक काय पूजेला ठेवलाय?” मी चिडून विचारलं. मास्तर हसले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात घाट उतरताना भीतीनं मी ब्रेकवरचा पाय उचललाच नाही. जळका वास सुटला. त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली. उतारावर गिअर खाली आणायचा, ब्रेक दाबून सोडायचा, हे समजावलं आणि मग आपल्या पायाशी असलेल्या ब्रेककडे बोट केलं.

“पोराला मीच शिकवलं,” ते म्हणाले. “चुकला की गुपचूप हितनं दाबायचो. भ्यायला नको म्हणून. त्याला वाटायचं, आपणच दाबला. लायसन निघालं, गाडी घेतली, आन ह्याच घाटात गेला. गाडीचा ब्रेक चांगला हुता, ताई. तो कवा दाबायचा, ते मी त्याला शिकूच दिलं न्हाई.”

मला माझ्या त्या पूजेच्या टोमण्याची लाज वाटली.

पुढे मास्तरांकडे शिकणाऱ्या एका मुलीनं गाडी कंपाउंडच्या भिंतीला घातली. स्कूलच्या मालकानं मास्तरांना सांगितलं, “पाय खाली सोडून बसायचं, न्हाईतर उद्यापासून येऊ नका.” मास्तर आले नाहीत. गावी गेले, एवढंच कळलं. फोनही उचलेनात.

नवा शिकवणारा गोड बोलणारा होता. त्याच्याबरोबर घाट उतरताना वळणावर माकड आडवं आलं. मी हलकेच ब्रेक दाबला. गाडी अशी थांबली की धक्कासुद्धा नाही.

“वा काकू! जमलं की!”

मी खुशीत खाली पाहिलं. त्याचा बूट त्याच्या ब्रेकवर होता.

“तू दाबलास?”

“थोडासाच वो, काकू.”

मला रडूच फुटलं. गाडी मी थांबवली की त्यानं, हे आता कोण सांगणार? आणि सोमवारी दवाखान्यात न्यायला नवऱ्याला शेजारी बसवून मला हाच घाट एकटीनं उतरायचा होता.