क्लोटिल्डने चिरलेलं कांद्याचं फूल

क्लोटिल्ड आर्सेनो आणि मी नन्सच्या शाळेत एका बाकावर बसत होतो. पुढे मी लग्न करून संसाराला लागले आणि ती वडिलांच्या, बायूच्या म्हणजे संथ दलदली ओढ्याच्या काठच्या खाणावळीत तळणीपाशी उभी राहिली, ती कायमचीच. तिच्या हातचं कांद्याचं फूल न खाल्लेलं माणूस आमच्या गावात सापडणार नाही. अख्खा गोड कांदा, बूड शाबूत ठेवून चिरलेला. तळल्यावर त्याच्या पाकळ्या उलगडतात, आणि टेबलाभोवतीचे सगळे एकेक तोडून तिखट सॉसमध्ये बुडवतात.

गेल्या हिवाळ्यात अर्धांगाच्या झटक्याने तिचा उजवा हात लुळा पडला. खाणावळ आता तिचा भाचा रेमी चालवतो. त्याने तिला गल्ल्यावर बसवलं.

"मावशी, इथे बस आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी कर. तुझं आवडतंच काम आहे."

"चौकशा मी तळणीपाशी उभी राहूनही करते. मला माझी जागा हवी."

"एका हाताने चिरशील कशी?"

"शुक्रवारी बघ. नाही जमलं तर गल्ल्यावर बसेन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही."

"तू? आणि तोंड उघडणार नाहीस?"

ईस्टरआधीच्या उपवासातला तो शुक्रवार. मांस वर्ज्य, म्हणून चर्चमधून निम्मं गाव त्या फुलासाठीच येतं. मी आधीच जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

क्लोटिल्डने सोललेला कांदा बूड वर करून फळीवर ठेवला. उजवा पंजा त्यावर टेकवला, डाव्या हाताने सुरी चालवली. पहिली चीर नीट पडली. दुसरीला कांदा सटकला, सुरी बुडातून आरपार गेली आणि दोन तुकडे झाले. रेमीने मान फिरवली.

"तिकडे काय बघतोस? कांदा मेलाय, मी नाही."

तिने दुसऱ्या कांद्याच्या बुडात खाण्याचा काटा उभा खुपसला. त्याची दांडी उजव्या पंजात धरवली आणि दातांनी गाठ मारून रुमालाने बांधून टाकली. आता त्या निर्जीव हाताचं वजनच कांद्याला दाबून धरत होतं. खांदा किंचित वळवला की कांदा फिरे, आणि सुरी बुडाच्या जरा खालून सरळ फळीपर्यंत उतरे. ती घाई करत नव्हती.

मग काटा काढून तिने कांदा बर्फाच्या पाण्यात सोडला. बऱ्याच वेळाने पाकळ्या सैल झाल्या. पीठ, अंडं फेटलेलं दूध, पुन्हा पीठ. झाऱ्यावर उलटा ठेवून तिने तो तेलात सोडला.

इतकी वर्षं मी ते फूल खात आले, पण उमलताना कधी पाहिलं नव्हतं. आधी नुसता फेस. मग बाहेरची एक पाकळी हलली, तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता सगळा कांदा आतून कोणी हाक मारावी तसा उघडत गेला. चॅपलमध्ये गुडघे टेकताना होतं तसं मला झालं.

क्लोटिल्डने ते उलटलं, निथळून ताटलीत ठेवलं. एकही पाकळी तुटली नव्हती.

बाहेर खुर्च्या सरकू लागल्या. रेमीने गळ्यातला ॲप्रन काढून तिच्या गळ्यात घातला, मागे गाठ मारली.

"इतकी घट्ट? मला पळून जायचं नाहीये," ती म्हणाली.

"मावशी, कांदे आणखी सोलून ठेवू?"

"पोतंभर. आणि गल्ल्यावर कोण बसणार?"

"मीच बसतो," रेमी म्हणाला आणि ताटली उचलून बाहेर गेला.