पाहुण्याला वाढलेली कुस्ती

फिनलंड्या कुणाच्या पायाला हात लावत नसे. त्याच्या देशातल्या कुस्तीत कमरेखाली धरायला बंदी, आणि तो तिथला चॅम्पियन. आमच्या तालमीतली पोरं खुशाल पट काढून, म्हणजे पायच खेचून, त्याला लाल मातीत लोळवायची. हा उठून म्हणायचा, "परत!" हिवाळा सरता सरता तो पट शिकला आणि मलाच चीत करू लागला. मराठीही शिकला, पण आमच्या तोंडची.

गुऱ्हाळात फार रमायचा. उकळत्या काहिलीची धग आम्हाला सोसवत नसे, हा शेजारीच उघडाबंब बसून घाम गाळायचा आणि "घर! घर!" म्हणायचा; त्यांच्याकडे म्हणे घरोघरी अशी घाम काढायची तापलेली खोली असते. वस्तादांनी एकदा विचारलं, "बाबा, एवढं जिंकलास, आता हितं काय पायजे?" तो म्हणाला, "मातीत एक कुस्ती. खरी. मग बंद." वय झालं होतं त्याचं, गुडघा सारखा दुखायचा.

ती कुस्ती पेठ वडगावच्या मैदानात ठरली. संयोजक आबा, फ्लेक्सवर पैलवानांपेक्षा ह्यांचंच तोंड मोठं. समोर जोड म्हणून आबांचाच पठ्ठ्या, अंगाने रेडा. सलामी झाली, फिनलंड्याने पट काढला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत रेडा उताणा! हलगी कडाडली. फिनलंड्या मात्र त्याला दंडाला धरून ओढत होता, "ऊठ. परत. खरी." पठ्ठ्या आबांकडे बघून दात काढत होता. आबांनी फोटोवाल्याकडे बघत बिचाऱ्या फिनलंड्याच्या डोक्याला जबरदस्तीने फेटा गुंडाळला.

मी जाब विचारला, तर आबा म्हणतात कसे, "अरं, पावण्याला पाडून पाठवायचं व्हय? कोल्हापूरची रीत हाय काय ती?" शी! शिसारी आली मला. पाहुण्याला तांबडा-पांढरा रस्सा पोटभर वाढा की. एवढ्या लांबून आलेल्या माणसाची कुस्ती कसली गिळता? अजूनही तो फोटो आबांच्या फ्लेक्सवर झळकतो, आणि अजूनही मी तिथं थुंकल्याशिवाय पुढं जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. गाडी फलाटाला लागल्यावर त्याने विचारलं, "तालमीत तू पडायचास, ते बी पावणा म्हणून व्हय?"

"न्हाय रे! आईशप्पथ न्हाय!"

लहान पोराची समजूत काढावी तशी त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि गाडीत चढला.