लिफ्टमधल्या पाऊण तासाचे पाच दिवस

बाबा गेले त्याला वर्ष होऊन गेलं, तरी मी सातव्या मजल्यावरच्या घरी जिन्यानंच जात होते. तेवढंच असतं तर निभलं असतं. पण पुढे पुढे बाथरूमची कडी लावता येईना. ऑफिसात मीटिंगच्या खोलीचं दार लागलं की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर पडायची. शेवटी नवऱ्यानंच, आम्ही राहतो त्या उत्तरेतल्या शहरात, वैशाली नगरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली.

आठवड्यातून एकदा भेटत राहण्यापेक्षा सलग पाच दिवस, रोज तीन तास बसू, असं त्या म्हणाल्या. काय काय होईल तेही त्यांनी आधीच सांगितलं. डोकं दुखेल, झोपेत तेच दिसेल, मध्येच त्यांचा राग येईल, सोडून द्यावंसं वाटेल. या आठवड्यात गाडी चालवायची नाही आणि कसला मोठा निर्णय घ्यायचा नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, बोलायचंच तर आहे.

खोली लहान होती, खिडकीला जाळी. डोळे मिटून, सगळं आत्ता घडतंय अशा तऱ्हेनं सांगायचं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मधूनमधून त्या विचारायच्या, भीती दहापैकी किती? सांगितलेलं सगळं फोनवर रेकॉर्ड करून घरी ऐकायचं.

मी सांगत होते ते असं. बाबा सांगलीहून आमच्याकडे आले होते. आम्ही दोघं बाजारात निघालो आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली. दुरुस्तीवाला सोडाला भागातून निघालाय, असं चौकीदार बाहेरून ओरडून सांगत होता. पाऊण तासानं दार उघडलं तेव्हा बाबा छातीवर हात दाबून खाली बसलेले होते. संध्याकाळी दवाखान्यातच ते गेले.

बाईंना मराठी येत नव्हतं, म्हणून दोन दिवस मी हे हिंदीत सांगितलं. घरी रेकॉर्डिंग ऐकताना वाटलं, ही बाई ऑफिसातलं काम समजावून सांगतेय. भीतीचा आकडा आठाच्या खाली उतरेना. दुपारी घरी आले की मी चपला न काढताच सोफ्यावर झोपून जायची.

तिसऱ्या दिवशी मी मध्येच उठले. या खोलीत मला कोंडून घातलंय, रोज त्याच लिफ्टमध्ये ढकलताय, उद्यापासून येणार नाही, असं काय काय बोलले. बाईंनी अडवलं नाही. दाराला कडी नव्हतीच. मी दाराच्या मुठीला हात लावून उभी होते, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "पिताजी से आप किस भाषा में बात करती थीं?"

मराठीत, म्हटलं. मग मराठीत सांगा, म्हणाल्या. तुम्हाला कळणार नाही, म्हटलं. चालेल, म्हणाल्या.

मी परत बसले. हिंदीत मी दर वेळी सांगायची, मैंने उनसे कहा, आप आराम कीजिए. मराठीत ते वाक्य येईना, कारण मी तसं म्हणालेच नव्हते. बाबा सारखे बोलत होते. मला श्वास पुरत नव्हता, मी दारावर हात आपटत होते आणि ते आपले बोलतायत.

"गप बसा की जरा, बाबा!"

असं मी ओरडले होते. त्यानंतर ते एक शब्द बोलले नाहीत. रुसले असतील असं वाटून मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाहिलं ते दार उघडल्यावर.

बाईंना शब्द कळले नसतील. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, आकडा विचारला. दहा, म्हटलं. त्या म्हणाल्या, पुन्हा सांगा. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. तरी सांगितलं. एक वाजेपर्यंत चार वेळा.

शुक्रवारी, पाचव्या दिवशी, आकडा सहावर आला. त्या मला शेजारच्या दुकानांच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये घेऊन गेल्या. दोन मजले वर, दोन मजले खाली, असं बराच वेळ, आणि शेवटची फेरी मी एकटीनं केली. दार मिटलं तेव्हा भीती होतीच. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा कुर्ता घामानं भिजला होता. अजूनही मी एकटी असले तर जिनाच धरते.

रविवारी आईला फोन केला. मी बाबांना 'गप बसा' म्हणून ओरडले होते, ते सांगितलं. ती म्हणाली, "मी तर रोज म्हणायची त्यांना." आणि मग विचारलं, "काय सांगत होते गं एवढं?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी आठवून सांगितलं. शेजारच्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय, मिरजेला कार्यालय घेतलंय, आहेर काय करायचा ते तुझ्या आईला विचारलं पाहिजे, असं चाललं होतं त्यांचं.

"साडी दिली मी," आई म्हणाली. "लग्नाला एकटीच गेले होते."