वन्सं, सगळे छानच म्हणतात

फॉलो करण्यासारखं एखादं अकाउंट सांगा, असं कुणी म्हटलं की मी बेधडक माझंच सांगत असे. लाज कसली? बँकेतल्या कॅशियरला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं, मोठ्या देवळात भेटलेल्या नाशिकच्या अख्ख्या बसला सांगितलं. स्वयंपाकाचं अकाउंट. आम्ही तंजावरचे मराठी. आमची आंबट भाजी, डांगर पचडी, गोळ्यांचं सांबार, सगळं मी आमच्याच मराठीत बोलत करून दाखवते.

त्यातलं बोलणं मला जेवणापेक्षा मोठं होतं. यजमान गेले तेव्हापासून घरात मराठी बोलायला माणूस उरलं नाही. मुलगी चेन्नईत, तिला कळतं सगळं, पण उत्तर तमिळमध्ये येतं. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत जी चार म्हातारी तोंडं मराठी बोलत, तीही एकेक करून मिटली. मुलीनंच फोनसाठी स्टँड आणून दिला नि म्हणाली, अम्मा, याच्याशी बोलत बस. बसले. बघता बघता हजारो माणसं बघायला लागली, सगळी महाराष्ट्रातली. मला वाटलं, देव पावला.

पण ती खाली काय लिहितात ते मला वाचता येत नव्हतं. जन्मभर तमिळमध्ये गणित शिकवलं. मराठी आमच्या घरी तोंडातून आली, पाटीवरून नाही. तेव्हा वाचून दाखवायचं काम धाकट्या भावाच्या बायकोनं घेतलं. ती पुण्याची. भाऊ नोकरीला तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. रोज दिवेलागणीला तिचा फोन यायचा. 'वन्सं, सगळे छानच म्हणतात. आईच्या हातचं आठवलं म्हणतात.' मी पदरानं डोळे पुसायची, मग आम्ही बराच वेळ बोलत बसायचो. मला मराठीत उलट उत्तर देणारं जगात तेवढंच माणूस होतं.

लोक एवढं प्रेम करतात तर आपण दोन अक्षरं उलट लिहावीत, असं मनात आलं. मागच्या गल्लीत एक बाई पोरांना हिंदीच्या परीक्षांसाठी शिकवतात. लिपी तीच. निवृत्त गणिताची टीचर चौथीच्या पोरांत जाऊन बसली. पोरं खिदळली, मी डोळे वटारले, ती गप्प झाली. भावजयीला यातलं काही बोलले नाही, म्हटलं एकदम थक्क करू. अक्षर एकच अडलं. हिंदीच्या पुस्तकात ळ नाही, आणि बाईंनाही तो ठाऊक नव्हता. माझ्या व्हिडिओखाली मात्र तो जागोजागी. शेवटी 'तमिळ' या शब्दावरून तो माझ्या हाती लागला, नि त्या आनंदात मी लगेच दुसरी ओळ वाचायला घेतली. 'खुळी म्हातारी.' मायबोली जन्मभर बोलले, आणि तिच्या अक्षरांत स्वतःबद्दल पहिल्यांदा वाचलं ते हे.

मग काय, वाचतच सुटले. आजी, खाली मराठी भाषांतर द्या. ही बाई मराठी बोलते की सांबार ओकते? माझं 'घालावयाचं, उतरावयाचं' कापून जोडून एकानं त्याचं गाणं केलं होतं. विळीला मी अरिवाळमणै म्हणते, त्यावर तर जत्रा भरली होती. चांगलं लिहिणारेही होते हो, नाही असं नाही. पण पायसात केस निघाला की पायस कुणाच्या लक्षात राहतं? तरी हसतील त्यांचे दात दिसतील म्हणून मी तेही गिळलं असतं.

त्याच्याही खाली एक ओळ होती. शेजारी पैठणीतला ओळखीचा फोटो. भावजय. 'मैत्रिणींनो, हे अकाउंट फॉलो कराच. आमच्या नणंदबाई. दुपारचं जेवण झालं की एक लावा, हसून हसून पचतं.' या ओळीला मी कधीचा बदाम देऊन ठेवला होता. घरचं माणूस म्हणून.

संध्याकाळी फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला, चष्मा लावला, त्याच फोनवर पान उघडलं आणि ती बोलेल तसं बोट फिरवत गेले. कानात 'आईच्या हातचं', बोटाखाली 'खुळी'. मेली एकदाही अडखळली नाही. मी म्हटलं, किती ग वेळ काढतेस माझ्यासाठी. त्यात काय वन्सं, म्हणाली.

आता तिचंही एक अकाउंट होतं. बाल्कनीतल्या कुंड्यांपुढे उभी राहून जुनी भावगीतं म्हणायची. बघणाऱ्या भिशीतल्या बायका, तेवढ्याच. वरची पट्टी आली की ही मान उंच करायची नि सूर शेजारच्या बिल्डिंगीत जायचा. लग्नानंतर गाणं सुटलं, आता कुठे थोडं म्हणायला लागलेय, लोक काय म्हणतील याची फार भीती वाटते, असं तिनंच एकदा रडवेली होऊन मला सांगितलं होतं. म्हणजे कुठे दुखतं ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी डांगर पचडी केली. उडदाचं पीठ दह्यात कालवता कालवता कॅमेऱ्याकडे बघून गोड हसले. 'आज एक अकाउंट सांगते, फॉलो कराच. आमच्या भावजयीचं. दुपारचं जेवण झालं की एक लावा, हसून हसून पचतं.' आणि वरून फोडणी ओतली.

माझी माणसं तयारच होती, मीच पोसलेली. दुपारपर्यंत तिच्या कुंड्यांपुढे झुंबड. ताई, तुळस सुकली हो. शेजारी पोलिसात गेले का? एकानं तर तिचा वरचा सा माझ्या मिक्सरच्या आवाजाला जोडला होता. मी सगळं वाचलं. सावकाश, बोट लावून.

दिवेलागणीला फोन आला. आवाज बसलेला. 'वन्सं, तुम्ही असं का केलंत?'

'का ग?' मी म्हटलं. 'सगळे छानच म्हणतात. आईचा आवाज आठवला म्हणतात.'

मग हळूच म्हणाली, 'तुम्हाला वाचता येतं?'

'येतं,' म्हटलं. 'ळसुद्धा.'

ती रडायला लागली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

तिनं अकाउंट बंद केलं. फोनही बंद झाले. भाऊ सणासुदीला दोन ओळी पाठवतो, त्याही तमिळमध्ये. माझे बघणारे मात्र वाढलेत. आजी, आणखी कुणाचं तरी अकाउंट सुचवा, म्हणून मागे लागतात. संध्याकाळी मी समई लावते, स्टँडवर फोन ठेवते आणि खालचं सगळं मोठ्यानं वाचत बसते. खुळी म्हातारी, सांबार ओकणारी, एकूणएक. घरात कुणाचं तरी मराठी कानावर पडावं म्हणून.