स्क्रूवरचा लाल ठिपका

साताऱ्याहून फोन आला तेव्हा मी बागेत होतो. बायको बांधावरून हाका मारत आली, "आवं, यशवंतराव गेले म्हणं…" आणि माझ्या मनात पहिला विचार आला, त्यांना ते कळलं होतं का? दुःख नंतर आलं. हे लिहिताना लाज वाटते. पण महिना उलटून गेला आहे, आता खरं लिहायला हरकत नाही.

यशवंतराव कांबळे मूळचे पाटणकडचे. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं दुरुस्त करत हवालदार झाले, निवृत्तीनंतर साताऱ्यात राहिले. मी मिरजेजवळचा द्राक्षवाला. एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास आमच्या भागात द्राक्षं परदेशी पाठवायचं वारं शिरलं, तेव्हा आम्ही दोघांनी भागीत एक जुना थंड डब्याचा ट्रेलर घेतला. डब्याच्या पुढच्या भिंतीवर कूलिंग युनिट. पहिल्याच हंगामात ते बिघडलं, तेव्हा एका गॅरेजवाल्यानं कॉम्प्रेसर बदलला म्हणून सांगितलं. यशवंतरावांनी त्या नव्याकोऱ्या कॉम्प्रेसरचा रंग चाकूनं खरवडला. खाली त्यांनीच आधी कानशीनं केलेली खूण होती. जुन्यालाच रंग फासला होता. ते भांडले नाहीत. "बापू, आजपास्नं ह्येला परका हात लागायचा न्हाई," एवढंच म्हणाले.

आणि खरंच लागू दिला नाही. पट्टा, तेल, जाळीत अडकलेला उसाचा पाचोळा, सगळं स्वतः बघायचे. फक्त गॅस भरायला दुकानात जावं लागे, तेव्हा हाताची घडी घालून मेकॅनिकच्या डोक्यावर उभे राहायचे. आवळलेल्या प्रत्येक स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका द्यायचे, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा पत्र्यावर. ठिपका तुटला की समजायचं, कुणीतरी खोललंय. माणसांचंही तसंच. आमचा ड्रायव्हर शिवाजी फेरीवरून आला की आधी टाकीत काठी घालून डिझेल बघायचे, मग त्याला पाणी विचारायचे. संशय हा त्यांचा स्वभावच होता, आणि सोबत राहून तो मलाही लागला. फरक इतकाच, की मी त्यांच्यावरच संशय घेऊ लागलो.

त्यांना चष्मा लागला होता. युनिट मध्येच बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं. कूलिंग युनिटच्या एका दुकानदारानं माझ्या कानात घातलं, "मिल्ट्रीचा मेकॅनिक ट्रकला ठीक हाय हो, ह्ये नाजूक काम हाय." पुढच्या हंगामाआधी यशवंतराव चार दिवस पाटणला गेले, तेव्हा मी ट्रेलर गुपचूप त्या दुकानात नेला. दुकानानं थर्मोस्टॅट बदलला. परत आणल्यावर बघतो तर सात ठिपके तुटलेले. मी बायकोची लाल नेलपॉलिश आणली आणि सातही ठिपके पुन्हा रंगवले.

त्या हंगामाची पहिलीच गाडी बंदरावरून परत आली. डबा कोमट, मणी मऊ पडलेले. आठ बागायतदारांचा माल होता, त्यातला एक माझा सख्खा मेहुणा. यशवंतरावांनी सगळ्यांदेखत शिवाजीला धरलं, "डिझेल इकायला यंत्र बंद ठेवलंस व्हय रं?" शिवाजी लेकरांच्या शपथा घेत होता. मी दुकानाचं नाव काढलं नाही. त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं.

पुढचे तीन दिवस यशवंतराव युनिट उघडून बसले. थर्मोस्टॅटची थंडी मोजणारी बारीक नळी डब्यातल्या हवेत लोंबती हवी. ती थेट बर्फगार जाळीला चिकटवलेली निघाली. यंत्राला वाटायचं डबा गार झाला, आणि ते बंद व्हायचं. मी शेजारीच उभा होतो. त्यांनी एका ठिपक्यावर नख घासलं, बोटाचा वास घेतला, माझ्याकडं पाहिलं… आणि पाना उचलला.

दुसऱ्या दिवशी बागायतदारांना बोलावून ते म्हणाले, "नळी मी चुकीची लावली. माझ्या हातची चूक." मग मला घेऊन पाटणच्या वरच्या अंगाला शिवाजीच्या गावी गेले, त्याच्या बायकोसमोर त्याला हात जोडले. मी मान खाली घालून गाडीकडं निघालो. पुढची पाच वर्षं आम्ही तो ट्रेलर चालवला, आणि ते माझ्याशी बोलताना थांबले की मी काहीतरी काम काढून उठायचो. आता विचारतील, आता विचारतील…

यशवंतरावांच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या त्या कार्यक्रमाला, साताऱ्याला गेलो. शिवाजी लोकांना पाणी देत होता. त्याला बाजूला घेतलं आणि दुकान, नळी, नेलपॉलिश, सगळं सांगून टाकलं. त्यानं तांब्या खाली ठेवला.

"ठाव हाय मला, बापू."

"कधीपासून?"

"सायेब माज्या घरी आलते न्हवं, तवाच. तुमी गाडीकडं फुडं गेला आन् त्यांनी सांगितलं. म्हनले, बापू सोताहून बोलंपातूर तू इचारू नगंस."

"मग त्यांनी तरी मला का नाही विचारलं?"

"म्या बी त्येच म्हनलं. तर म्हनले, शिवा, समद्यांस्नी तपासून बगितलं. एक तरी मानूस न तपासता ठिवावा की रं."

मला तिथं उभं राहवेना. आत गेलो. यशवंतरावांच्या पत्नी शांतावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.