तोफेचा गोळा

हरसूलच्या बाजूला एका आश्रमशाळेत मी नववीला विज्ञान शिकवत होते. दोन हजार चार-पाचचं साल असेल. शाळेला दोन कॉम्प्युटर मिळाले, तेव्हा मी हौसेनं नाशिकहून एका गेमची सीडी आणली. तोफेतून गोळा सोडायचा आणि समोरचा बुरूज पाडायचा. फेकलेली वस्तू कशी जाते हे मुलं खेळता खेळता शिकतील, असं मी मुख्याध्यापकांना पटवलं होतं. ते पाहुण्यांना घेऊन वर्ग बघायला आले.

गेममधला गोळा तिरक्या सरळ रेषेत वर जायचा, हवेत थबकायचा आणि धपकन खाली पडायचा. मी तो नीट पाहिलाच नव्हता. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. सुट्टीत ती नागलीच्या शेतात गोफणीनं पाखरं हाकायची.

"बाई, दगड असा नाय पडत. वळत वळत येतो."

तिचं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं. पण पाहुणे बघत होते. मी हसून म्हणाले, "कॉम्प्युटरपेक्षा तुझी गोफण हुशार का गं?" वर्ग हसला, पाहुणेही हसले. ती खाली बसली.

पुढे चाचणीत गोळ्याच्या मार्गाची आकृती विचारली होती. बहुतेकांनी गेममधलीच काढली. तिनंही. पट्टी लावून तिरकी रेघ, मग सरळ खाली. हाताच्या सवयीनं मी लाल फुली मारली आणि मग नाव वाचलं.

दुसऱ्या दिवशी तिला व्हरांड्यात बोलावलं. तुझंच बरोबर होतं, मी चुकले, असं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"मला ठाऊक होतं, बाई."

"मग असं का काढलंस?"

"पेपर तुम्हीच तपासणार होता ना."

वर्गासमोरही हे सांगायचं, असं मनाशी ठरवून मी आत गेले. फळ्यापाशी उभी राहिले आणि पुसलेला फळा पुन्हा पुसला. शेवटी म्हणाले, परीक्षेत गेममधलं लिहू नका, पुस्तकातली आकृती पाठ करा. मुलांनी माना डोलावल्या. ती खाली बघून वहीत आकृती उतरवून घेत होती.

तिचे कापलेले दोन गुण मी गुपचूप वाढवून दिले. ते तिनं मागितले नव्हते.